फाटक्या पाळीचा पापी

फार पूर्वी प्रतिष्ठान नगरात सोमवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने गोदेकाठच्या एका यमपटवाल्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव पालित. यमपट म्हणजे यमलोकाची चित्रे काढलेला लांब कापडी पट. तो गावोगाव नेऊन झाडाखाली टांगायचा, काठीने एकेक पापी दाखवायचा, त्याचे पाप आणि शिक्षा गाऊन सांगायची, आणि घाबरलेले लोक देतील ते धान्य पदरात घ्यायचे, असा हा धंदा. गाण्याच्या आरंभी 'आमच्या मूळपुरुषाने यमाच्या दारी उभे राहून हे डोळ्यांनी पाहिले' अशी शपथ घ्यायची रीत होती. तो खरेच तिथवर गेला होता की नाही कोण जाणे. गेला असता तर परत कशाला येईल?

इतर पटवाल्यांचे पापी एकाच वेलीवरच्या भोपळ्यांसारखे दिसत. पालितचे तसे नव्हते. वाटेत, बाजारात, नावेत दिसलेला चेहरा त्याच्या डोळ्यांत राही, आणि घरी आला की तो नरकातल्या कुणाच्या तरी धडावर बसवी. त्यामुळे त्याचे पापी जिवंत वाटत. लोक त्यांत स्वतःला शोधत आणि भीतीने सुपे भरून जोंधळा घालत. त्याचा मेहुणा कोंडिल ढोल वाजवायचा. जोंधळा पोत्यात भरण्याचे काम मात्र त्याला ढोलापेक्षा अधिक आवडायचे.

एकदा ते टेकडीवरच्या एका नव्या वस्तीत आले. या लोकांचे नदीकाठचे गाव दोन वर्षांपूर्वीच्या पुरात वाहून गेले होते, आणि वाचलेले इथे वर येऊन राहिले होते. दुपारी वडाखाली पट टांगला. पालितने काठी टेकवली.

"हा पाहा, देवळातलं दिव्याचं तेल चोरणारा! पाठीवर लोखंडाचं ओझं, पायाखाली तापलेला डोंगर!"

गर्दीतून सामा नावाची एक म्हातारी पुढे आली. पटाला नाक लावून तिने त्या पाप्याचा कान पाहिला. कानाची पाळी मधोमध फाटलेली होती.

"हा माझा इसिल," ती म्हणाली. "लहानपणी बाळी बाभळीत अडकून याची पाळी फाटली होती."

इसिल तिचा एकुलता एक मुलगा. तो पुरात गेला आणि त्याचे प्रेतही हाती लागले नव्हते.

"तेल त्यानं चोरलं होतं खरं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "यक्षाच्या देवळातलं. माझे गुडघे आखडले होते म्हणून. मीच चोळून घेतलं ते." मग तिने पालितकडे पाहिले. "बाबा, त्याला तिथं पाणी तरी देतात का रे?"

कोंडिलने घाईघाईने ढोल बडवला आणि खेळ आटोपता घेतला.

संध्याकाळी सामा आपली गाय ओढत त्यांच्या बिऱ्हाडाशी आली. "ही घ्या, पण काही शांती करा. त्याचं ओझं उतरवा. नाही उतरलं तर मीच जाते. अन्न सोडलंय मी. तिथं पोचले की ओझं माझ्या पाठीवर घेईन."

ती गेली. कोंडिलने गायीचे दावे केव्हाच हातात घेतले होते.

"दाजी, ताईला दूध येत नाही. पोर रडून रडून वाळलंय. गाय आपल्या पायांनी दारी आली आणि तुम्ही तोंड फिरवता? पापी पुसून टाका. त्याला स्वर्गातल्या झाडाखाली बसवा. म्हातारीला सांगा, ओझं उतरलं. ती जेवेल, आपलं पोर दूध पिईल. यात कुणाचं वाईट झालं?"

यात वाईट काय ते पालितलाही सापडत नव्हते. तो उठला, बसला, ओढ्यापर्यंत गेला आणि तोंड न धुताच परत आला. भाकरी हातात तशीच राहिली. आपल्या कुंचल्यापायी एक म्हातारी मरायला निघाली आहे, हे त्याच्या जिवाला डसत होते. उजाडताच त्याने पांढरा रंग कालवला आणि तो पटासमोर बसला.

कुंचला पाप्याच्या कपाळाशी आला आणि थांबला. कपाळावरून एक रुंद पट्टा मागे गेला होता, आणि पाठीवरचे ओझे त्याला बांधलेले होते. हा पट्टा त्याने मनाने काढलेला नव्हता. यमदूत कशाला पट्टे वाटत बसतील? कोकणातून मीठ वर आणणारे हमाल असा पट्टा लावतात. गेल्या थंडीत घाट उतरताना एका हमालाला वाट देण्यासाठी तो कडेला सरकला होता. घामाने भिजलेला कान, फाटकी पाळी. पूर तर त्याच्या आधीच्या वर्षी येऊन गेला होता. बुडून मेलेला माणूस थंडीत मीठ वाहत नसतो.

"कोंडिल, तो जिवंत असेल!"

कोंडिलने सगळे ऐकले. आधी त्याचा चेहरा उजळला, मग उतरला. "मग तिच्या कानात सांगा की गुपचूप."

"कुठं पाहिला म्हणून सांगू? काल गावासमोर शपथ घेतली की हे आमच्या मूळपुरुषानं यमाच्या दारी पाहिलंय. आज एकटीला वेगळं सांगितलं तर ती म्हणेल, हा माझी समजूत घालतोय. शपथ मोडायची तर गावासमोरच मोडायला हवी."

"दाजी, तुम्ही आपल्याच पोटावर पाय देताय!"

"हो," पालित म्हणाला, आणि पट खांद्यावर घेऊन वडाकडे चालू लागला.

लोक जमले. सामा खोडाला टेकून बसली होती. पालितने पट टांगला आणि काठी खाली ठेवली.

"मी यमलोक पाहिलेला नाही. माझ्या बापानंही नाही. हे चेहरे वाटेवरच्या माणसांचे आहेत. हा माणूस मी गेल्या थंडीत घाटात मीठ वाहताना पाहिला. चोरी मी त्याला चिकटवली. तो इसिलच आहे असं मी सांगू शकत नाही, नाव मी विचारलं नव्हतं. पाळी मात्र अशीच फाटलेली होती."

गाव उठले. "आमच्याच जिवाला घोर लावून आमचाच जोंधळा खाल्लास?" कोणी पोती रिकामी केली, कोणी ढोल फोडला. ही बातमी चार दिवसांत गोदाकाठभर होणार आणि या पटापुढे पुन्हा कोणी मूठभर धान्य टाकणार नाही, हे पालितला कळत होते. त्याने गायीचे दावे सामाच्या हातात दिले.

सामाने पटावरच्या त्या कानावरून बोट फिरवले आणि ती शेजारणीला म्हणाली, "ए बाई, पेज असली तर दे ग. घाटापर्यंत चालायचं तर पोटात काही हवं."

पालित तिच्याबरोबर निघाला. फुटका ढोल घेऊन कोंडिल मागून कुरकुरत आला. वाटभर पालितला चैन नव्हते. तो दुसराच कोणी निघाला तर? या म्हातारीला आपण दुसऱ्यांदा मारायला तर नेत नाही ना? मुक्कामाला ती दोन घास खाई, आणि तेवढ्याने त्याच्या जिवात जीव येई.

घाटमाथ्यावर त्याने हमालांपुढे पट उलगडला. नरक पाहून ते खो खो हसले. "अरे, हा तर आपला पूरवाला! पुरानं काठावर टाकलेला. गावी जाऊन आला, तर गावाच्या जागी नुसती वाळू. तेव्हापासून इथंच आहे. तो काय, येतोय वर."

ओझ्याखाली वाकलेल्या माणसाला समोरच्याचे पायच तेवढे दिसतात. इसिल वर आला, त्याला दोन सुजलेले गुडघे दिसले, आणि तो जागच्या जागी उभा राहिला. सामाने हात वर करून त्याच्या कपाळावरचा पट्टा सोडवला.

"दे इकडे," ती म्हणाली.

पालितच्या मुलाला त्या वर्षी शेजारणींनी दूध पाजले, आणि पालितने घाटात मीठ वाहिले.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. समोर एक तरुण भिक्खू बसला होता. आदल्या दिवशी त्याने उपदेशात नरकाची अशी भीती घातली होती की एका उपासिकेने, मेलेल्या मुलाच्या काळजीने, अन्न सोडले होते.

"तेव्हाचा कोंडिल तू होतास," शास्ता त्याला म्हणाले. "सामा ती उपासिका होती आणि इसिल तिचा मुलगा. पालित मीच होतो."

चीवर सावरीत तो भिक्खू उठला, आणि कथेचे तात्पर्य ऐकायला न थांबता त्या उपासिकेच्या घराकडे निघाला. शास्त्यांनी त्याला अडवले नाही. उरलेल्यांना ते म्हणाले, "भिक्खूंनो, याला सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता, म्हणतात."