डोमाजीचं मडकं

फार वर्षांपूर्वी, आमच्या तळ्यात गाळापेक्षा पाणी जास्त होतं तेव्हाची ही गोष्ट. तळ्यावर मासे-बदकं धरणारा डोमाजी नावाचा ढिवर होता. नुसता पंख हलला तरी तो पाखराचं नाव सांगायचा, असं म्हणतात. थंडीत उत्तरेकडून येणारी बदकं पाहुणी. ती उघड्या पाण्यावर, तळ्याच्या मध्यावर बसतात. ती पकडायची. बारा महिने लव्हाळ्यात राहणारं बदक घरचं. त्याच्या चोचीच्या टोकाला हळदीचा पिवळा रंग आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके, म्हणून त्याचं नाव हळदीकुंकू. त्याला हात लावायचा नाही.

एका सकाळी पाटलाकडे व्याही आले होते, बदकासाठी चूल पेटली होती आणि तळ्यावर धुकं होतं. लव्हाळ्यात एक मातकट बदक पंखात चोच खुपसून बसलेलं दिसलं.

“मले चोच नाही दिसत,” डोमाजी म्हणाला.

काठावर जमलेल्यांतून कोणीतरी म्हणालं, “तुले ओळखू येत नाही? मंग तू कायचा डोमाजी गा!”

सगळे हसले. हसणाऱ्यांत माझा खापरपणजा होता, हे सांगताना माझी मान खाली जाते.

डोमाजीला ते हसू सोसलं नाही. “पाहुणीच आहे,” तो म्हणाला. डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं मडकं त्यानं नेहमीसारखं डोक्यावर पालथं घातलं, गळाभर पाण्यातून हळूहळू गेला आणि खालून पाय ओढून बदक पाण्यात बुडवलं. काठावर येऊन पाहतो तर चोचीवर हळदीकुंकू. मान लुळी पडलेली. मागून लव्हाळ्यातली सात पिल्लं मडक्यामागं पोहत आली.

“पाहुणी लव्हाळ्यात बसत नाही,” डोमाजी म्हणाला. “मले ठावं होतं.”

 तरी ते बदक गावानं खाल्लंच. माझ्या खापरपणज्यानंही खाल्लं.

डोमाजी मडक्यासकट परत पाण्यात शिरला आणि ते मडकं त्यानं पुन्हा काढलं नाही. त्याचं तोंड बायकोनंही पाहिलं नाही, असं म्हणतात. पिल्लं मोठी झाली, त्यांची पिल्लं मोठी झाली, तरी तो पाण्यातून बाहेर आला नाही. त्याच्या पायांना कमळासारखी मुळं फुटली, असं म्हणतात. मग एका पावसाळ्यात लव्हाळ्यात नुसतं मडकं सापडलं. आत उबदार अंडी होती.

आता आमच्याकडे बदकं कोणी धरत नाही. पण दरवर्षी माशांचं पहिलं जाळं टाकण्याआधी गावातला सगळ्यात म्हातारा माणूस डोक्यावर मडकं घालून काठावर उभा राहतो आणि सगळ्यांदेखत म्हणतो, “मले ओळखू येत नाही.” तेव्हा कोणी हसत नाही.

यंदा ती पाळी माझी होती. म्हणायचं ते मी म्हणालो, पण मडकं काही लवकर काढवेना.