कापलेला कोपरा

"मग चाचा, शंभरची घेऊ की एकशेऐंशीची?"

पाध्ये विचारत होता तो लेन्सबद्दल. शंभरची घेतली तर फुलाच्या अगदी नाकाशी जावं लागतं, एकशेऐंशीची लांबूनच काम करते, पण हात जरा हलला की फोटो गेला. हे सगळं त्यानं सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या त्या उघड्या कातळावर, पोचल्यापासून तिसऱ्यांदा सांगितलं होतं.

दाऊदचाचा पिराच्या चौथऱ्यावर बसून विडी ओढत होते. एके काळी रत्नागिरीत त्यांचा स्टुडिओ होता. त्यांच्याबद्दल सांगतात की त्यांनी एकदा डासाचा पासपोर्ट फोटो काढला, आणि डासानं वर दोन प्रती मागितल्या. मी स्वतः त्या डासाला भेटलेलो नाही, पण पाध्येचा यावर विश्वास होता. फोटो काढायला तो चाचांकडेच शिकला होता.

पाध्येची पिशवी एवढी जड होती की घाट चढताना एसटीनं दोनदा श्वास घेतला म्हणे. तीत चार लेन्सा, दोन फ्लॅश, कॅमेरा ठेवायचं तिकाटणं आणि वाऱ्यात फुलाचा देठ धरून ठेवणारा परदेशी चिमटा होता.

आणि तरीही दोन वर्षांत एक फोटो धड आला नव्हता.

चाचा म्हणाले, "आधी चांगले यायचे."

"यायचे. सीतेच्या आसवांच्या फुलाचा तो फोटो... मुंबईच्या प्रदर्शनात लोक त्याच्यासमोर उभे राहायचे. तसा एक, फक्त एकच परत मिळू दे. नाहीतर हे सगळं सामान इथंच पिराला वाहून जातो."

"पिराला कॅमेरा येत नाही. तो फोटो दाखव."

पाध्येनं मोबाइल पुढे केला. निळं, नखाएवढं फूल, पाकळीवर दव, मागे नुसतं धुकं.

"हा कापलेला आहे. न कापलेला दाखव."

"त्यात काही नाही, चाचा. कोपऱ्यात नको ते आलं होतं."

"दाखव."

पाध्येनं बराच वेळ बोट फिरवलं. मग मूळ फोटो उघडला.

खालच्या कोपऱ्यात दोन बोटं होती, अंधुक. देठ चिमटीत धरलेला. नखांना हळद...

चाचांनी विडी विझवली.

"इंदू?"

पाध्येनं मान डोलावली. त्याची बायको दर भाद्रपदात त्याच्याबरोबर सड्यावर यायची आणि वाऱ्यात फूल धरून बसायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. प्रत्येक फोटोतून तिची बोटं त्यानं स्वतःच्या हातानं कापली होती. फुलांचे फोटो होते ते, त्यात बोटं कशाला, असं तेव्हा वाटायचं.

"चिमटा चांगला आहे, चाचा. अजिबात हलत नाही."

"हं."

चाचा उठले. पिशवीतल्या चार लेन्सांना त्यांनी हातही लावला नाही. कॅमेऱ्यावर होती तीच लेन्स ठेवली, सड्यावर चार पावलं चालले आणि एका ओल्या खड्ड्यापाशी पालथे पडले. तिथं निळी फुलं वाऱ्यावर डुलत होती.

"ये. धर."

"मी?"

"आणि कोण आहे इथं?"

पाध्ये कुरकुरत आडवा झाला. जांभ्या दगडाची टोकं कोपरात घुसली. ओल सदऱ्यात शिरली. त्यानं दोन बोटांनी देठ धरला. देठ केसाएवढा बारीक होता, जोरात धरावा तर चिरडेल आणि सैल सोडावा तर उडेल.

चाचांनी डोळा कॅमेऱ्याला लावला.

वारा आला. गेला. परत आला.

एक मुंगी पाध्येच्या मनगटावरून वर चढू लागली. त्याला हात हलवता येईना. बोटांना आधी मुंग्या आल्या, मग बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. फोटो काढताना आपण वाऱ्याला शिव्या द्यायचो, लेन्सा बदलायचो, मधेच चहा प्यायचो, हे त्याला एकदम आठवलं. तिनं तेव्हा देठ सोडला होता का, ते काही केल्या आठवेना.

चाचा बटण दाबायचं नाव घेत नव्हते.

दव वाळलं. ऊन पाठीवर आलं.

"चाचा... किती वेळ धरायचं असं?"

चाचांनी कॅमेऱ्यावरचा डोळा हलवला नाही.

"इंदूनं विचारलं होतं का कधी?"