अंगठ्याला बांधलेली दोरी

फार फार वर्षांपूर्वी एका नगराच्या कडेला गेनू छबीवाला आणि त्याची बायको तान्ही राहत होती. घरात लेकरू नव्हतं, दारात शेत नव्हतं. होती ती छबी धरायची लाकडी पेटी. कळ ओढली की समोरचं जसंच्या तसं कागदावर उतरायचं. तिच्यावर दोघांचं पोट.

गेनू माणसांच्या छब्या काढी. तान्हीला परसातल्या पाखरांचं वेड. राखेनं भांडी घासता घासता ती चिमण्यांशी बोलायची, साळुंकीला दटावायची. पेटी मोकळी दिसली की एखादी छबी धरायची आणि स्वतःशीच हसायची.

"चिमण्या काय, सगळ्यांच्याच घरी असतात," गेनू चिडवायचा.

"असतात हो. पण बघतं कोण?"

एकदा राजाला मुलगा झाला. पाळण्यावर पाखरं टांगायची तिथली रीत. राजानं दवंडी पिटवली, "लाकडाची पाखरं नकोत. प्रत्येक छबीवाल्यानं खऱ्या पाखराची छबी आणावी. बाळ झोपलं तर मागेल ते देईन. रडलं तर पेटी जप्त!"

कोणी मोर आणला, कोणी ससाणा. बाळानं ओठ काढला आणि भोकाड पसरलं. पेट्या जप्त होऊ लागल्या.

आता गेनूची पाळी जवळ आली. अंगावर पालापाचोळा घेऊन, श्वास रोखून तो तळ्याकाठी टपून बसला. हाती लागला एक बगळा.

तान्हीनं छबी पाहिली. "अहो, ह्याची मान बघा. उडायच्या बेतात आहे. तुमच्यात त्याला मांजर दिसलं. भ्यालेलं पाखरू उशाशी ठेवल्यावर बाळ झोपेल कसं?"

"मग तूच आण! उद्या हजर व्हायचंय."

सकाळी तान्हीनं पेटी परसात ठेवली. कळीला दोरी बांधली, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला. आणि बसली भांडी घासत.

"अगं, पेटी जायची वेळ आली आणि तू कढई घासतेस?"

"रोज घासते. आज घासली नाही, तर त्यांना संशय येईल."

पाखरं आली. साळुंकी खरकट्या पाण्यात डुंबली. कावळ्यानं कडक भाकरी भिजत घातली. दोन चिमण्या तान्हीच्या पायाशी भाताची शितं टिपू लागल्या. तान्हीनं मान वर केली नाही. नुसता अंगठा हलवला.

छबी पाहून राजवाड्याचा पहारेकरी खो खो हसला. "मोर हरले तिथं चिमण्या?"

छबी पाळण्यावर टांगली. बाळानं टक लावून पाहिलं, हुंकार दिला, जांभई दिली आणि गाढ झोपलं. दरबारानं जयजयकार केला, पण कुजबुजत! नगारे वाजले ते पार नदीपलीकडे.

"माग, बाई," राजा हळूच म्हणाला.

"सगळ्यांच्या पेट्या परत द्या, महाराज."

राजानं पेट्या दिल्या, वर तान्हीला राजवाड्याची छबीकार नेमलं. नगरात पाळणा हलला की पहिलं बोलावणं तिलाच. पुढं वर्षभरात गेनूच्या घरीही पाळणा हलला. त्यावर छबी टांगली ती परसातल्याच चिमण्यांची, आणि ह्या वेळी दोरी गेनूच्या अंगठ्याला होती. कढई घासायलाही तोच बसला होता.

म्हणून सांगते, लेकरांनो, ज्याला जवळ आणायचं त्याच्यावर टपून बसू नये. त्याला निर्धास्त वाटेल असं आपण वागावं.