बल्ब पेटेना, बाळाची थंडी जाईना

एक होती कोंबडी. अंडी घालायची आणि निघून जायची. अंड्यांवर बसायचं? छे! नाव नको.

"खुडूक हो गं बाई," वच्छीआत्या म्हणायची. "बस ना जरा अंड्यांवर."

"कॉक् कॉक्, मला नाही वेळ," कोंबडी म्हणायची. की चालली उकिरडा उकरायला.

मग वच्छीआत्यानेच केली एक पेटी. थर्माकोलची पांढरी पेटी. पेटीत बल्ब. बल्बखाली वाटी. वाटीत पाणी. वाटीशेजारी दोन अंडी. वर झाकण. झाकण कुणी उघडायचं नाही! हवेसाठी बाजूला एक भोक होतं, तेवढंच.

बल्ब पेटायचा. पेटी ऊब ऊब व्हायची.

एक दिवस काय झालं? टिक टिक टिक! एक अंडं फुटलं. आतून आली भुरकी. ओली ओली भुरकी. बल्बखाली बसली, सुकली, फुगली. केवढी झाली? लिंबाएवढी!

मग दुसरं अंडं वाजलं. टिक टिक टिक! अंड्याला पडलं इवलंसं छिद्र. छिद्रातून दिसली इवलीशी चोच.

"ताई, ताई, मी येतोय!"

"ये रे बाळा, ये!"

इतक्यात... खट्ट! बल्ब विझला. पेटीत अंधार. पेटी गार गार.

"ताई, थंडी!" बाळ म्हणालं. आणि टिक टिक थांबलं.

भुरकी घाबरली. इतक्या थंडीत बाळ बाहेर कसं येणार? आतच राहिलं तर?

"थांब हं बाळा, मी ऊब आणते."

भुरकीने मान वर केली.

"बल्बदादा, बल्बदादा, पेट ना!
बाळाची थंडी जाईना!"

"मी नाही पेटत," बल्ब म्हणाला. "आधी प्लग लागू दे."

भुरकी भोकातून बाहेर आली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, गेली प्लगकडे. प्लग जमिनीवर लोळत पडला होता.

"प्लगभाऊ, प्लगभाऊ, लाग ना!
बल्ब पेटेना,
बाळाची थंडी जाईना!"

"मी नाही लागत," प्लग म्हणाला. "माझ्या जागी मिक्सर बसलाय. आत्या म्हणाली, 'एकच मिनिट हं!' आणि मला काढून त्याला लावलं. आत्याचं एक मिनिट तुला ठाऊक नाही अजून! आधी मिक्सर उठू दे."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, भुरकी गेली मिक्सरकडे. मिक्सर होता ओट्यावर. भुरकी होती खाली. तिने मान वर केली. अजून वर केली. धप्पकन मागेच पडली! पण उठली.

"मिक्सरराव, मिक्सरराव, उठा ना!
प्लग लागेना,
बल्ब पेटेना,
बाळाची थंडी जाईना!"

"मी नाही उठत," मिक्सर म्हणाला. पोटात त्याच्या मिरची, लसूण आणि ओलं खोबरं. तोरा केवढा! "चटणी न वाटता उठेल तो मिक्सर कसला? आधी कोथिंबीर येऊ दे."

कोथिंबीर होती परसात. मधे उंबरा. बापरे, केवढा उंच! भुरकीने उडी मारली, पडली. पुन्हा उडी मारली, पुन्हा पडली. मग डोळे मिटून मारली उडी, ती थेट पलीकडे!

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, गेली कोथिंबिरीकडे.

"कोथिंबीरबाई, कोथिंबीरबाई, या ना!
मिक्सर उठेना,
प्लग लागेना,
बल्ब पेटेना,
बाळाची थंडी जाईना!"

"मी नाही येत," कोथिंबीर खालून म्हणाली. अगदी दबक्या आवाजात. "येऊ तरी कशी? माझ्यावर शेळी बसलीय. आधी शेळी उठू दे."

खरंच की! वाफ्यावर शेळी बसली होती. ऐसपैस. दाढी हलवत.

"शेळीमावशी, शेळीमावशी, उठा ना!
कोथिंबीर येईना,
मिक्सर उठेना,
प्लग लागेना,
बल्ब पेटेना,
बाळाची थंडी जाईना!"

"बें! मी नाही उठत," शेळी म्हणाली. "इथे कसं गार गार, मऊ मऊ! आधी शेवग्याचा पाला पडू दे."

गार गार म्हणे! भुरकीला रडूच आलं. पेटीतही गार गार झालं होतं, आणि तिथे बाळ एकटंच होतं. पण रडत बसून कसं चालेल?

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, गेली शेवग्याकडे.

"शेवगेआजोबा, शेवगेआजोबा, पाला पाडा ना!
शेळी उठेना,
कोथिंबीर येईना,
मिक्सर उठेना,
प्लग लागेना,
बल्ब पेटेना,
बाळाची थंडी जाईना!"

"मी नाही पाडत," शेवगा म्हणाला. सळसळ, सळसळ. "माझ्या फांद्या उंच उंच. आधी आत्याला आकडी घेऊ दे."

आकडी म्हणजे लांबच लांब काठी. टोकाला वाकडं नाक. फांदीला अडकवायची आणि ओढायची.

वच्छीआत्या तिथेच उभी होती. आकडी भिंतीला टेकलेली. आत्याच्या कडेवर होती तिची भाची, छबू. आणि छबू रडत होती. भ्यांऽऽऽ! भ्यांऽऽऽ!

"आत्या, आत्या, आकडी घे ना!
शेवगा पाला पाडेना,
शेळी उठेना,
कोथिंबीर येईना,
मिक्सर उठेना,
प्लग लागेना,
बल्ब पेटेना,
बाळाची थंडी जाईना!"

आत्याने वर बघितलं. खाली कोण बघतंय?

"मेल्या चिमण्या! काय कलकलाट लावलाय," आत्या म्हणाली. "मी नाही घेत आकडी. मला काय चार हात आहेत? आधी ही छबू खाली उतरू दे."

भुरकीने केला मोठ्ठा आवाज. तिला जमेल तेवढा मोठ्ठा.

"छबू, छबू, उतर ना!
आत्या आकडी घेईना,
शेवगा पाला पाडेना,
शेळी उठेना,
कोथिंबीर येईना,
मिक्सर उठेना,
प्लग लागेना,
बल्ब पेटेना,
बाळाची थंडी जाईना!"

"मी नाही उतरत!" छबू म्हणाली. डोळे घट्ट मिटलेले. नाक वाहतंय. "रोज म्हणता उद्या दाखवू, उद्या दाखवू! आधी मला पिल्लू दिसू दे! भ्यांऽऽऽ!"

पिल्लू? आता पिल्लू कुठून आणायचं? भुरकीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बिचारी आजच तर जन्मली होती. तिला काय ठाऊक?

"छबू, छबू, पिल्लू म्हणजे काय गं?"

"पिल्लू म्हणजे इवलंसं!" छबू रडत रडत म्हणाली.

भुरकीने स्वतःचे पाय बघितले. इवलेसे.

"पिल्लू म्हणजे मऊ मऊ!"

भुरकीने मान वळवून स्वतःची पाठ बघितली. मऊ मऊ.

"आणि पिल्लू करतं चिव चिव!"

"चिव चिव?" भुरकी म्हणाली. "चिव चिव... अगंबाई! म्हणजे मीच की! छबू, डोळे उघड!"

छबूने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. भ्यां गेलं कुठल्या कुठे! घसरगुंडीवरून यावी तशी छबू कडेवरून सर्रकन खाली आली.

"उतरली एकदाची!" आत्या म्हणाली. तिने आकडी घेतली. फांदीला अडकवली.

पण छबू इतकी गप्प कशी? मूल गप्प झालं की मोठ्यांना धडकी भरते. आत्याने वळून बघितलं.

छबूच्या ओंजळीत भुरकी!

"अगंबाई, पिल्लू! अंडी फुटायला लागली? आणि मी... अगं माझे बाई, प्लग!"

आणि आत्या जी धावली! आकडी हातातच. फांदी वाकली, कडाड्! शेवग्याचा पाला पडला, भुरभुर भुरभुर. शेळी उठली, बें! कोथिंबीर मोकळी झाली. आत्याने पळता पळता मूठभर उपटलीसुद्धा.

"आली का? आधी चटणी!" मिक्सर म्हणाला.

ऐकतंय कोण? मिक्सर उठला. म्हणजे, आत्याने उठवलाच.

छबू उतरली,
आत्याने आकडी घेतली,
शेवग्याने पाला पाडला,
शेळी उठली,
कोथिंबीर आली,
मिक्सर उठला,
प्लग लागला,
बल्ब पेटला,
आणि बाळाची थंडी... गेली का?

पेटीत आवाजच नाही.

आत्याने झाकण जरासं उचललं. छबूने भुरकीला आत सोडलं. झाकण पुन्हा बंद.

"माझंच चुकलं रे राजा," आत्या हळूच म्हणाली. छबूने तिचा पदर घट्ट धरला.

भुरकी अंड्याला चिकटून बसली.

"बाळा, मी आले. ऊब आणली रे."

पेटी कोमट झाली. मग छान ऊब ऊब झाली.

टिक.

"छबू, ऐकलंस?" आत्या म्हणाली.

टिक... टिक.

टिक टिक टिक टिक, फट्ट! अंडं फुटलं. बाळ आलं बाहेर. ओलं ओलं. डुगडुग मान, लटपट पाय.

"आलं! आलं! आलं!" छबू नाचायला लागली. आत्याने डोळे पुसले आणि तीपण नाचली.

मिक्सर रुसून बसला, तो बसलाच. त्या दिवशी सगळ्यांनी भाकरी खाल्ली तेल-तिखटाशी. आणि कोथिंबीर? ती शेळीने पळवली.

पेटीत बाळ कुडकुडत भुरकीजवळ गेलं. भुरकीने पंख उचलला. पंख केवढा? चिंचोक्याएवढा. बाळ त्यात मावेना. नुसतं डोकंच गेलं आत.

"गेली का रे थंडी?" भुरकीने विचारलं.

"गेली, ताई," बाळ म्हणालं, आणि झोपलंसुद्धा.

बाळ पंखाखाली, गोष्ट उशाखाली!