परसातले कुरव

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. मी ऐकली तेव्हाही ती जुनीच होती. समुद्राकाठी कोळ्यांचं एक गाव होतं, आणि गावासमोर पाण्यात एक काळा खडक होता. त्या खडकावर कुरव बसत. होडीमागे कलकल करत फिरतात ना, ते पांढरे समुद्रपक्षी, तेच कुरव.

गावात एक म्हातारी होती. तिला सगळे पाखरबाय म्हणत. उजाडायच्या आधी ती ओट्यावर येऊन बसे आणि पाखरं बघे. विहिरीवरचा खंड्या, माडावरची घार, चिखलातले बगळे, सगळी तिच्या ओळखीची. कुरव खडकाकडे गेले की ती म्हणे, "जावा, बाबांनो." कुरव वाऱ्याकडे छाती करून जमिनीवरच बसून राहिले की ती म्हणे, "आज होड्या वर ओढा." चाळीस वर्षांत ती एकदाही चुकली नाही. म्हणून प्रत्येक होडीतला पहिला मासा तिच्या ओट्यावर यायचा. आणि गाव? गाव पाखरं बघायचं विसरून गेलं. कशाला बघायचं? पाखरबाय आहे ना!

मग पाखरबायच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आधी खडकावरचे पक्षी दिसेनासे झाले, मग खडक, मग दारातला माडसुद्धा. पण बाईनं कुणाला सांगितलं नाही. घरात ती सवयीनं वावरायची, म्हणून घरच्यांनाही कळलं नाही. अहो, ज्या डोळ्यांना गाव हात जोडतं, ते गेले हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ती तशीच ओट्यावर बसे, समुद्राकडे तोंड करी आणि म्हणे, "गेले हो कुरव. जावा." पावसाळा सरला की दहातले नऊ दिवस समुद्र शांतच असतो, तेव्हा आंधळ्याचंही खरं ठरतं. पहिला मासा येत राहिला.

तिचा एकुलता एक मुलगा जोमा. त्याचं त्याच वर्षी लग्न झालं होतं. बायको चांगुणा, खाडीपलीकडच्या भातशेतीच्या गावची. तिलाही पाखरांचा नाद. चुलीवर भाकरी असली तरी हिचं लक्ष खिडकीबाहेर. दयाळ कुठे गातोय, सुगरणीचं घरटं किती विणून झालं, हिला सगळं ठाऊक. गावातले चेष्टा करत, "जोमा, शेतातली चिमणी आणलीस रे!" ती हसून सोडून द्यायची.

आश्विनातली एक सकाळ. समुद्र तेलासारखा निवांत. सात होड्यांचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे म्होरके, ओट्यापाशी उभे होते, त्यात जोमाही होता.

"काय म्हणतात पाखरं?" एकानं विचारलं.

"गेले कुरव खडकावर. जावा," पाखरबाय म्हणाली.

इतक्यात चांगुणा हातातला झाडू तसाच घेऊन घरामागून धावत आली. "आत्याबाय, कुरव गेले नाहीत हो! सगळे आपल्या परसात बसलेत. बोंबील वाळत घातलेत ना, त्यांच्या मधोमध. आणि एकानंसुद्धा बोंबलाला चोच लावलेली नाही!"

सगळे खो खो हसले. "वहिनी, ते भातातले बगळे असतील. माहेरचे भेटायला आले असतील!"

"बगळे मला कळतात, भाऊ," चांगुणा म्हणाली. "हे कुरवच आहेत. शंभर तरी असतील. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे आहेत."

परस किती लांब? घराला वळसा घातला की झालं. एकानंही वळसा घातला नाही. खडकाकडेही कुणी मान वळवून पाहिलं नाही.

सून खोटं बोलणारी नाही, हे पाखरबायला माहीत होतं. 'पोरांनो, थांबा, मला दिसत नाही,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेसुद्धा.

जोमा म्हणाला, "आये, मी जाऊन बघून येऊ का?"

आता हा बघून येणार आणि चारचौघांत आपली अब्रू जाणार, एवढंच म्हातारीच्या मनात आलं. ती फणकारली, "चाळीस वर्षं गावानं माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवला, आणि आता तुला बायकोचे डोळे मोठे वाटायला लागले होय रे?"

जोमा खाली मान घालून होडीकडे गेला. चांगुणानं शिदोरीची भाकरी त्याच्या मागे धावत नेऊन दिली.

होड्या गेल्या. पाखरबाय भिंत चाचपत परसात गेली. पहिलं पाऊल टाकलं आणि तिच्या चहूबाजूंनी पंख फडफडले, तोंडावर वारा आला. पक्षी जरासे उडाले आणि पुन्हा तिच्या पायांशीच बसले. ते समुद्राकडे गेलेच नाहीत.

म्हातारी ठेचकाळत किनाऱ्याकडे धावली. "परत या! अरे, परत या! मला दिसत नाही! वर्षभर मला काही दिसत नाही!" वर्षभर गिळलेलं वाक्य तिनं घसा फुटेपर्यंत ओरडून सांगितलं. पण होड्या लांब गेल्या होत्या, आणि वारा आता समुद्राकडून यायला लागला होता.

दुपारी वादळ आलं. सातातल्या दोन होड्या परत आल्या. जोमाची आली नाही.

गावानं पाखरबायला दगड मारले नाहीत. कुठल्या हातानं मारणार? डोळे तर त्यांनाही होते. फक्त त्या दिवसापासून तिच्या ओट्याकडे कुणी फिरकलं नाही.

चांगुणा माहेरी गेली नाही. सासूला दोन वेळची पेज ती भरवते, पण एरवी बोलत नाही. रोज पहाटे म्हातारी विचारते, "चांगुणा, कुरव खडकावर गेले का ग?"

चांगुणा खिडकीतून बघते. मगच सांगते, "गेले, आत्याबाय."

पण ते ऐकून समुद्रावर जाणारं त्या घरात आता कुणी उरलेलं नाही.

म्हणून सांगतो, न दिसलेलं कधी 'दिसलं' म्हणू नये. त्याची शिक्षा आपल्या माणसांना भोगावी लागते.