सफूराच्या तीन तबकड्या

एक होता सुलतान, आणि त्याच्याहून रागीट होती त्याच्या शहरातली सफूरा. पितळेची यंत्रं घडवायची ती. उस्तुरलाब म्हणायचे अशा यंत्राला. हातात टांगून धरायचं, सूर्य किती वर आलाय ते बघायचं, की वेळ कळायची. पण सूर्य सगळ्या गावांत सारखा वर चढत नाही, बरं का. म्हणून सफूरानं सुलतानाच्या यंत्राच्या पोटात तीन तबकड्या घातल्या, सुलतानाच्या तीन शहरांच्या. ज्या शहरी जाल, तिथली वर ठेवायची. दोन वर्षं राबली बाई.

मग सुलतान दक्षिणेच्या शहरी राहायला गेला. सामान बांधलं वजीर सदरुद्दीननं. त्याला वाटलं, दिसते एकच तबकडी, खालच्या दोन कशाला? काढल्या, आणि आपल्या पानदानात बसवल्या.

वर राहिली जुन्याच शहराची. मग काय होणार? पहिल्या दिवशी दुपारचा नगारा दुपारच्या आधीच वाजला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नमाजसुद्धा वेळेआधी झाली, आणि लोक चिडून महालावर आले. वजीर म्हणाला, यंत्रच खोटं. सुलतान म्हणाला, त्या बाईची बोटं तोडा.

हात बांधून सफूराला महिनाभर बैलगाडीतून आणलं. महिनाभर ती धुमसत होती. दरबारात हात सोडल्यावर तिनं यंत्र उघडलं, तर दोन तबकड्या गायब. तेवढ्यात वजिरानं विडा लावायला पानदान उघडलं. आत तिच्याच हातच्या रेघा, चुन्यानं माखलेल्या. मला तर सांगतानाही राग येतो. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं पानदानातून तबकड्या उचलल्या आणि चिंच मागितली. चुना निघेपर्यंत त्या घासत बसली. मग त्या शहराची तबकडी वर बसवली आणि अंगणात काठी रोवली.

"यंत्र दुपार सांगेल, तेव्हा काठीची सावली सगळ्यात आखूड असेल. नसली तर बोटं घ्या."

सगळे उन्हात उभे राहिले. सावली आखडत गेली. यंत्रानं दुपार सांगितली, आणि तिथून सावली पुन्हा वाढायला लागली.

मग सुलतान वजिरावर उसळला. म्हणाला, याची बोटं तोडा.

"नको हुजूर," सफूरा म्हणाली. "बोटं कामाची असतात. यांनी रोज भर चौकात माझ्या तबकड्या घासाव्यात. चिंचेनं."

मग वजीर रोज घासत बसला. नगारा वेळेवर वाजू लागला, लोक सुखी झाले, सफूराही सुखानं घरी गेली. राग मात्र तिनं सोडला नाही. का सोडावा? चला, मिटा डोळे आता.