गोजरा कासारणीचं थांबणं

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीरस्ता नव्हता आणि बांगड्यासुद्धा माणसाच्या पाठीवरून गावात येत, तेव्हा करवंदवाडीला गोजरा नावाची कासारीण यायची. आवाज खणखणीत, आणि जीभ त्याहून तिखट. बायका तिला घाबरायच्या, आणि तिला यायला उशीर झाला की तिच्याचसाठी खोळंबून राहायच्या. तिच्या हातून भरताना बांगडी कधी वाढली नाही, असं म्हणतात.

लहान पोरींना बांगड्या भरायची तिची एक रीत होती. ती पोरीसमोर बांगडी किणकिणवायची आणि थांबायची. पोर बांगडीकडे बघायची, मग मान वळवून आईकडे, जणू विचारायची, बघितलंस का गं? तेवढ्यात हात सैल पडायचा आणि बांगडी अलगद आत सरकायची. पोरीनं आईकडे बघितल्याशिवाय गोजरा हात धरत नसे.

एकदा अनशीनं आपल्या चिमाला आणलं. चिमा दोन वर्षांची. तिनं बांगडी घेतली, ओट्यावर उभी करून गरगर फिरवली. पडली की पुन्हा फिरवली. आईकडे काही बघितलं नाही. गोजरा थांबली. बाकीच्या बायका कंटाळून घरी गेल्या, तरी थांबली. मग अनशीला रडू फुटलं. लेक नावाला ओ देत नाही, म्हणाली. पाणी हवं असलं तर बोट दाखवत नाही, माझं मनगट धरून माठावर नेऊन ठेवते. दोन-चार शब्द बोलायची, तेही गेले. सासू ठकाबाई म्हणते, पोर बहिरी आहे.

गोजराला वाटलं, एवढंच ना, बघू की. पुढच्या खेपेला तिनं घरामागे लपून हळूच बांगडी वाजवली. चिमा धावत आली. गोजरानं सगळ्या आळीला ओरडून सांगितलं की पोरीला लख्ख ऐकू येतं.

आणि तिथेच घोटाळा झाला. ऐकू येतं तरी हाकेला वळत नाही, म्हणजे बाहेरची बाधा, असं ठकाबाईनं ठरवलं. येत्या अमावास्येला भगताकडून पोटावर तापल्या विळ्याचा डाग द्यायचा. ठकाबाई दुष्ट नव्हती हो. नातीवर जीव होता तिचा, आणि गावात तेव्हा हाच उपाय होता. अनशीच्या तोंडचं पाणी पळालं, पण सासूपुढे बोलणार कोण?

अमावास्येच्या सकाळी विळा चुलीत पडला आणि खबर लागलेली गोजरा दारात येऊन बसली.

"ठकाबाई, माज्यामुळं पोरीवर ही पाळी आली," ती म्हणाली. "आदी मला डागा."

भगत चूल फुंकतच राहिला. गोजरानं चिमाला हाक मारली नाही, तिचा हात धरला नाही. तिच्या शेजारी मांडी घालून बसली आणि चिमासारखीच एक बांगडी फिरवायला लागली.

ती बांगडी दिवेलागणीपर्यंत न पडता फिरत राहिली, असं म्हणतात. भगत फुंकून फुंकून दमला, पण विळा काही तापेना, असंही म्हणतात. खरं-खोटं मला विचारू नका, मी कुठे होते तिथे! पण पुढचं सगळी वाडी शपथेवर सांगते. चिमानं हात ठेवून बांगडी थांबवली, उचलली, गोजराच्या हातात दिली आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. मग मान वळवून आईकडे बघितलं.

चुलीत पाणी ओतलं ते ठकाबाईनंच.

"हिच्या अंगात काय बी शिरल्यालं न्हाई," गोजरा म्हणाली. "ही हायेच अशी. लांबनं हाका मारू नगा, जवळ जाऊन बसा. आन् आत्तापासनं बसा. मोटी व्हायची वाट बघू नगा."

अनशी रोज बसली. ठकाबाईही बसली, गुडघे दुखायचे तरी. चिमा बोलली, उशिरा आणि मोजकं, पण बोलली. ढोलाला ती म्हातारपणीही कान झाकायची. तिच्या दारावरून पालखी जाताना ढोलवाले आपणहून हात थांबवायचे.

आजही करवंदवाडीत लेकरू वर्षा-दीड वर्षाचं झालं की, मुलगा असो की मुलगी, त्याच्यासमोर बांगडी किणकिणवतात, नावानं हाक मारतात आणि सगळे गप्प बसतात. याला गोजराचं थांबणं म्हणतात. एकदा बघितलं नाही तर कुणी घाबरत नाही. पोर भुकेलं असेल, झोपेला आलं असेल. पुन्हा एखाद्या दिवशी बघतात. तरीही बघितलं नाही, किंवा आलेले शब्द गेले, तर आई त्याला घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांकडे जाते, आणि सासूनं बरोबर जायचंच, ही गावाची सक्ती आहे. घरातलं कुणी ना कुणी त्याच दिवसापासून लेकराशेजारी जमिनीवर बसायला लागतं.

करवंदवाडीत आज एकाही लेकराच्या पोटावर डाग सापडायचा नाही.